करार दोघांचा, लाभ तिसऱ्याचा: दावा कोणी लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन माणसांनी आपसांत करार करून तिसऱ्याला काही द्यायचं ठरवलं आणि देणाऱ्याने शब्द फिरवला, तर त्या तिसऱ्याला कोर्टात दाद मागता येते का? विचारणाऱ्याने एका पुस्तकात वाचलं की इंग्लंडमध्ये येत नाही, पण भारतात करार कायद्याच्या कलम २(डी) मुळे येते. दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय की भारतातही येत नाही. मग खरं कोणतं?

दुसरं पुस्तक बरोबर आहे. पण पहिलं पुस्तक जिथे चुकतं ती जागा नीट पाहण्यासारखी आहे, कारण वर्षानुवर्षं वकिली केलेली माणसंही तिथे चुकतात. इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक, वचनाचा मोबदला कोणी दिला? दोन, वचन दिलं कोणाला? कलम २(डी) पहिल्याला उत्तर देतं. दुसऱ्याबद्दल ते गप्प आहे. हा गुंता कुठे पडला हे कळायचं तर जरा मागे जावं लागेल.

सुरुवात रोमपासून करावी लागते. दुसऱ्यासाठी कोणी वचन घेऊ शकत नाही, हा नियम उल्पियन या विधिपंडिताच्या नावावर आहे. त्यामागचा विचार सरळ होता. रोमन करारात एकाने तोंडी प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्याने त्याच शब्दांत होकार द्यायचा. ज्याच्या तोंडून प्रश्न गेला नाही त्याचा त्या व्यवहाराशी संबंध काय? शिवाय करार माणूस स्वतःच्या हितासाठी करतो. तिसऱ्याला पैसे मिळाले काय, न मिळाले काय, विचारणाऱ्याचं त्यात काय बिघडतं? आज हे कोरडं वाटतं, पण रोमन लोकांचं त्यावाचून फारसं अडत नव्हतं. घरातला मुलगा किंवा गुलाम जे वचन मिळवी ते आपोआप कुटुंबप्रमुखाचं होई. म्हणजे दुसऱ्यामार्फत हक्क मिळवण्याची सोय घराच्या रचनेतच होती. जिथे ती पुरत नसे तिथे दंडाची अट घालत: 'अमक्याला दिलं नाहीस तर मला इतका दंड दे.' दंड माझा, म्हणून दावाही माझा. पुढे इ. स. २९० मध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या काळात एक मोठी सवलत मिळाली: काही काळाने ती वस्तू तिसऱ्याला द्यायची, अशी अट घालून बक्षीस दिलं असेल, तर त्या तिसऱ्याला स्वतः दावा लावता येईल. ही सवलत लक्षात ठेवा. सोळाशे वर्षांनी मद्रासमध्ये जवळपास असाच व्यवहार कोर्टासमोर आला.

युरोपने हा रोमन नियम हळूहळू झिजवला. सतराव्या शतकात ग्रोशियस या डच कायदेपंडिताने मांडलं की तिसऱ्याने वचन स्वीकारलं की त्याला हक्क मिळतो. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेने कलम ११२१ मध्ये नियम ठेवून अपवाद लिहिला, आणि एकोणिसाव्या शतकात आयुर्विम्याचा धंदा वाढला तसा तिथल्या कोर्टांनी त्या अपवादाचा अर्थ इतका रुंदावला की मूळ नियम नावापुरता उरला. नवरा हप्ते भरतो, विमा कंपनी पैसे बायकोला देणार म्हणते. बायकोला हक्क नाही म्हटलं तर तो धंदाच उभा राहत नाही. १ जानेवारी १९०० ला लागू झालेल्या जर्मन संहितेने तर कलम ३२८ मध्ये स्पष्ट लिहून टाकलं की तिसऱ्याला थेट हक्क देणारा करार करता येतो.

इंग्लंडची वाट उलटी आहे, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट तीच. सर्वसाधारण समज असा की इंग्लिश कॉमन लॉ (कोर्टांच्या निकालांतून घडलेला कायदा) पहिल्यापासून कडक होता. तसं नाही. १६७८ चा डटन विरुद्ध पूल पाहा. एक बाप मुलीच्या वाट्याचे पैसे उभे करण्यासाठी रानातली झाडं तोडून विकणार होता. रान पुढे थोरल्या मुलाला मिळायचं होतं. मुलगा म्हणाला, झाडं तोडू नका, बहिणीला मी हजार पौंड देतो. बाप थांबला आणि पुढे वारला. रान मुलाला मिळालं आणि बहिणीला काहीच नाही. बहिणीने दावा लावला. वचन तिला दिलेलं नव्हतं, मोबदलाही तिने दिलेला नव्हता. तरी किंग्ज बेंच या कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि वरच्या कोर्टातही तो टिकला. बाप आणि मुलगी यांचं नातं इतकं जवळचं की बापाने दिलेला मोबदला मुलीपर्यंत पोचतो, असं कोर्टाने धरलं. शिवाय झाडं भावाला राहिली आणि वाटा बहिणीचा गेला, हा साधा हिशेबही निकालात आहे.

त्याआधी १६६९ मध्ये बोर्न विरुद्ध मेसन या खटल्यात तिऱ्हाइताचा दावा फेटाळलाही गेला होता. म्हणजे सुमारे दोनशे वर्षं इंग्लंडमध्ये नियम एका बाजूला झुकलेला नव्हता. दोन्हीकडचे निकाल सापडत. झाड एका बाजूला पडलं ते १८६१ मध्ये, ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन या खटल्यात.

या खटल्याची हकीकत वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. विल्यम ट्वेडलचं लग्न झालं. त्याचे वडील जॉन आणि सासरे विल्यम गाय यांनी १८५५ मध्ये लेखी करार केला: गायने जावयाला २०० पौंड द्यायचे, जॉनने मुलाला १०० पौंड. कराराखाली त्यांनी आणखी एक कलम घातलं, की ठरलेल्या रकमांसाठी विल्यमला कोणत्याही कोर्टात दावा लावण्याचा पूर्ण अधिकार राहील. याहून स्पष्ट काय लिहायचं? गाय पैसे न देताच वारला. विल्यमने त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर दावा लावला आणि तो हरला. न्यायमूर्ती वाइटमन म्हणाले, मोबदल्याशी ज्याचा संबंध नाही त्याला, करार त्याच्या भल्यासाठी असला तरी, त्याचा फायदा घेता येत नाही हे आता ठरलेलं आहे. न्यायमूर्ती क्रॉम्प्टन यांचं म्हणणं असं की दावा लावण्यापुरता माणूस करारात आणि त्याच्यावर दावा होण्याची वेळ आली की करारात नाही, हे चालणार नाही. डटन विरुद्ध पूल नव्या निकालांनी मोडीत काढला आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं.

क्रॉम्प्टन यांचा हा मुद्दा विद्यार्थी पाठ करतात. मला तो पटत नाही. न्यासाचा (ट्रस्टचा) लाभार्थी विश्वस्तावर दावा लावतोच, आणि त्याच्यावर उलटा दावा होत नाही म्हणून कोणी त्याला हाकलत नाही. दानपत्रात ज्याला मिळालं त्यालाही फक्त हक्कच असतो. खरी अडचण दुसरी आहे आणि क्रॉम्प्टन यांनी ती मांडली नाही: करार करणाऱ्या दोघांना पुढे मन बदलायचं असेल तर? तिसऱ्याला पहिल्या दिवसापासून पक्का हक्क दिला, तर दोघांच्या हातातून त्यांचाच करार निसटतो. ग्रोशियसने स्वीकारण्याची अट याच अडचणीवर शोधली होती. या प्रश्नाचं नीट उत्तर इंग्लंडला १९९९ मध्ये मिळालं. तोवर कोर्टांनी दारच बंद ठेवलं.

आणखी एक गोष्ट पाहा. ट्वेडलमध्ये बोलणं मुख्यतः मोबदल्याचं आहे: विल्यमने काही दिलं नाही, म्हणून त्याला काही मिळणार नाही. 'तू करारातला पक्ष नाहीस' हा वेगळा नियम म्हणून ठसठशीतपणे पुढे आला तो १९१५ मध्ये, हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाच्या, डनलॉप विरुद्ध सेल्फ्रिज या निकालात. डनलॉपने टायर एका घाऊक व्यापाऱ्याला विकले; त्याने ते सेल्फ्रिजला विकताना लिहून घेतलं की यादीतल्या किमतीखाली विकणार नाही, आणि विकल्यास दर टायरमागे डनलॉपला ५ पौंड द्यायचे. सेल्फ्रिजने स्वस्तात विकले. डनलॉप हरला. लॉर्ड हाल्डेन यांनी दोन तत्त्वं शेजारीशेजारी मांडली: करारावर दावा फक्त करारातला पक्ष लावू शकतो, आणि करार मोहरबंद (शिक्का मारून केलेला) नसेल तर मोबदला त्याच्याकडून आलेला असला पाहिजे. इंग्लंडमध्ये ही दोन्ही तत्त्वं बहुधा एकाच माणसाला आडवी येत, म्हणून त्यांना वेगळं करायची गरज क्वचितच पडली. भारतात मात्र तीच गरज पडली.

अटलांटिकपलीकडे काय चाललं होतं तेही सांगितलं पाहिजे, कारण तारखा बोलक्या आहेत. ट्वेडलच्या दोनच वर्षं आधी, १८५९ मध्ये, न्यू यॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने लॉरेन्स विरुद्ध फॉक्स ठरवला. हॉलीने फॉक्सला ३०० डॉलर उसने दिले आणि सांगितलं, मी लॉरेन्सला इतकेच देणं लागतो, उद्या तू त्याला दे. फॉक्सने दिले नाहीत. लॉरेन्सने थेट फॉक्सवर दावा लावला आणि जिंकला. न्यायमूर्ती कॉमस्टॉक यांचा त्याला विरोध होता: या वचनाशी लॉरेन्सचा संबंधच काय? पण अमेरिकेत पुढे बहुमताची वाट रुळली. भाषा एक, कॉमन लॉचा वारसा एक, काळही एकच. आणि निकाल दोन टोकांचे. ट्वेडलचा निकाल अटळ होता असं कोणी म्हणालं की मी हा खटला पुढे करतो.

आता भारत. करार कायदा १८७२ चा, म्हणजे ट्वेडलनंतर अकरा वर्षांचा. कलम २(डी) म्हणतं की वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून वचन घेणाऱ्याने 'किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीने' काही केलं वा टाळलं तर तो मोबदला. हे चार शब्द इंग्लंडच्या नियमापासून जाणूनबुजून दूर जाणारे आहेत. पण पुढे वाचा: मोबदला कोणीही देवो, वचन 'घेणारा' लागतोच, आणि घेणारा कोण याची व्याख्या याच कलमाच्या (सी) पोटकलमात वेगळी दिली आहे.

इथेच चिन्नय्या विरुद्ध रामय्या हा १८८२ चा मद्रासचा निकाल येतो. पहिलं पुस्तक याच निकालावर उभं असणार. एका वृद्ध बाईने आपली मालमत्ता मुलीला बक्षीस दिली, अट अशी की मुलीने आईच्या भावंडाला दरसाल ६५३ रुपये द्यायचे. मुलीने पैसे दिले नाहीत, दावा झाला, मुलगी म्हणाली: माझ्या मावशी-मामांकडून मला काहीच मिळालेलं नाही, मोबदला कुठे आहे? कोर्टाने दावा मंजूर केला. एका न्यायमूर्तींनी डटन विरुद्ध पूलचा आधार घेतला, दुसऱ्यांनी थेट कलम २(डी) चा. डायोक्लेशियनची सवलत आठवली ना? अटीचं बक्षीस, तिसऱ्याला देणं, तिसऱ्याचा दावा.

पण यात जी बाब बहुतेक जण वगळून जातात ती अशी: बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलीने त्या भावंडाच्या नावे वेगळा कागद करून दिला होता, की मी ही रक्कम देईन. म्हणजे दावा लावणारं माणूस तिऱ्हाईत नव्हतंच. वचन त्यालाच दिलेलं होतं. मोबदला तेवढा दुसऱ्याकडून, त्या वृद्ध बाईकडून, आलेला होता. ही गाठ कलम २(डी) सोडवतं. विल्यम ट्वेडलच्या हातात असा कागद नव्हता, म्हणून भारतातही त्याला हे कलम उपयोगी पडलं नसतं. ज्युनिअर मंडळींना मी हा निकाल मुळातून वाचायला लावतो. सारांश वाचून चिन्नय्या कळत नाही.

पुढे विसाव्या शतकात, लागोपाठच्या दोन वर्षांत, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (हिंदुस्थानसाठी तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) दोन निकाल दिले, जे वरवर एकमेकांविरुद्ध वाटतात. १९१० चा ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम. १८७७ मध्ये दोन अल्पवयीन मुलांचं लग्न ठरलं. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाशी लेखी करार केला की सुनेला खर्च-ए-पानदान (खासगी हातखर्च) म्हणून दरमहा ५०० रुपये कायम देईन, आणि त्यासाठी ठराविक जमिनींवर बोजा ठेवला. पुढे नवरा-बायकोचं पटलं नाही, ती घर सोडून गेली आणि थकलेल्या रकमेसाठी तिने सासऱ्यावर दावा लावला. सासऱ्याचा बचाव ठरलेला: करार माझा आणि तिच्या बापाचा, ती कोण? निकाल सय्यद अमीर अली यांनी लिहिला. जिथे अल्पवयीन मुलांची लग्नं आईबाप ठरवतात आणि करारही तेच करतात, तिथे इंग्लंडचा नियम लावला तर मोठा अन्याय होईल, असं त्यांनी म्हटलं. ट्वेडलचा नियम समोर होता, पण त्याच्या जोडीला इथे जमिनीवरचा बोजा होता, आणि इक्विटीत (न्यायबुद्धीवर आधारलेल्या नियमांत) तिला स्वतंत्र हक्क होता. ती जिंकली. या निकालाची ताकद मला यात वाटते की अमीर अली यांनी नियमाच्या शब्दांआधी तो नियम कोणावर चालणार आहे ते पाहिलं. विवाहाच्या करारात ज्या मुलीला विचारायचीच पद्धत नाही, तिला 'तू करारात नव्हतीस' असं सांगणं म्हणजे तिच्यावरच्या अन्यायाचाच पुरावा तिच्याविरुद्ध वापरणं.

आणि १९११ चा जमनादास विरुद्ध राम अवतार पांडे. मालमत्ता ४०,००० रुपयांना गहाण होती, ती ४४,००० ला विकली. खरेदीदाराने ४,००० रोख दिले आणि ४०,००० गहाण फेडण्यासाठी स्वतःकडे ठेवले. गहाणदाराने थेट खरेदीदाराकडे ते मागितले. लॉर्ड मॅकनॉटन यांनी थोडक्यात संपवलं: खरेदीदाराने वचन विक्रेत्याला दिलं, गहाणदाराला नाही. हुसैनी बेगमशी याचा विरोध नाही. तिच्या बाजूला बोजा आणि कुटुंबाची मांडणी होती. गहाणदाराला आपला मूळ ऋणको आणि आपलं गहाण दोन्ही शाबूत होतं.

त्यानंतर हायकोर्टांत वीसेक वर्षं ओढाताण चालली. कलकत्त्यात मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स (त्याआधी ते मुंबईत मुख्य न्यायमूर्ती होते) यांनी देबनारायण दत्त विरुद्ध चुनीलाल घोष यात तिसऱ्याच्या बाजूने उदार भूमिका घेतली. १९२८ मध्ये त्याच कोर्टात मुख्य न्यायमूर्ती रँकिन यांनी कृष्णलाल साधू विरुद्ध प्रमिलाबाला दासी यात नेमकं बोट ठेवलं: २(डी) ने मोबदल्याची व्याख्या रुंदावली, पण करारातला पक्ष कोण हे बदललं नाही. विचारणाऱ्याच्या दोन पुस्तकांचं भांडण या एका वाक्यात मिटतं. मद्रासच्या पूर्णपीठानेही तीच दिशा धरली, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर यात ते पक्कं केलं. तिथे घरच्या मालमत्तेच्या वाटणीपत्रात, बँकेचं देणं अमक्याने फेडायचं असं लिहिलं होतं. बँक त्या पत्रात पक्ष नव्हती, म्हणून तिला त्यावर बोट ठेवता आलं नाही. न्यास, बोजा, विवाह, वाटणी किंवा कौटुंबिक व्यवस्थेतून लाभ, हे अपवाद मात्र कोर्टाने मान्य केले.

कायदेमंडळानेही तुकड्यातुकड्याने वाटा काढल्या. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर बायकोमुलांच्या लाभासाठी घेतलेली पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याच्या कलम ६ ने न्यास ठरते. विवाहाची व्यवस्था किंवा कुटुंबातल्या वादग्रस्त हक्कांची तडजोड असेल, तर त्यातला लाभार्थी स्वतः कराराची पूर्तता मागू शकतो, असं स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम १५ म्हणतं. वाहन विम्यात अपघातग्रस्ताच्या बाजूने झालेला निवाडा विमा कंपनीला फेडावा लागतो, आणि तो तर पॉलिसीत कुठेच नसतो.

इंग्लंडला शुद्धीवर आणलं ते एका विधवेने. कोळशाचा छोटा धंदा करणाऱ्या पीटर बेसविकने १९६२ मध्ये धंदा पुतण्याला दिला. बदल्यात पुतण्याने काकाला हयातभर आठवड्याला साडेसहा पौंड आणि त्यांच्यामागे काकूला आठवड्याला ५ पौंड द्यायचे. काका वारले, पुतण्याने एकदा ५ पौंड दिले आणि थांबला. १९६७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तिला न्याय दिला, पण तो कसा ते पाहा: बायको म्हणून तिला हक्क नाही, मात्र नवऱ्याच्या मालमत्तेची ती प्रशासक आहे, म्हणून मृत नवऱ्याच्या जागी उभं राहून ती कराराची प्रत्यक्ष पूर्तता मागू शकते. म्हणजे प्रशासक दुसरा कोणी असता आणि तो हातावर हात ठेवून बसला असता, तर तीच बाई, तोच करार, आणि हातात काही नाही. लॉ रिव्हिजन कमिटीने सुधारणा १९३७ मध्येच सुचवली होती. लॉ कमिशनचा अहवाल आला १९९६ मध्ये आणि कायदा झाला १९९९ मध्ये. त्याआधी न्यूझीलंडने १९८२ मध्येच असा कायदा केला होता. इंग्लिश कायद्यानुसार करारात तसं स्पष्ट म्हटलं असेल, किंवा कलमाचा हेतू त्याला लाभ देण्याचा असेल (आणि पक्षांचा इरादा तसा नव्हता असं करारातून दिसत नसेल), तर तिसरा दावा लावू शकतो. मन बदलण्याचा प्रश्नही सुटला: तिसऱ्याने संमती कळवली किंवा त्या वचनावर विसंबून तो काही करून बसला आणि हे वचन देणाऱ्याला ठाऊक होतं, तर त्याच्या संमतीवाचून दोघांना करार बदलता येत नाही. विल्यम ट्वेडल आज इंग्लंडमध्ये जिंकेल.

भारतात तो आजही विवाहाच्या अपवादाचा आधार घेऊनच लढेल. आपल्या विधी आयोगाने १९५८ च्या तेराव्या अहवालात करार कायद्यात ३७-ए हे नवं कलम घालायला सांगितलं होतं: करार थेट तिसऱ्याच्या लाभासाठी असेल तर त्याला तो अंमलात आणता यावा. इंग्लंडच्या चाळीस वर्षं आधी! ते कलम आजवर आलेलं नाही. याची मला मनापासून खंत आहे, कारण अपवादांची यादी कितीही वाढवली तरी त्यातून वगळला जाणारा माणूस नेहमी तोच असतो, ज्याला कागद करताना कोणी बोलावलं नव्हतं.

म्हणून माझ्याकडे वाटणीचा किंवा धंदा हस्तांतराचा मसुदा आला आणि त्यात 'बहिणीला इतके', 'आईला हयातभर इतके' असं काही असेल, तर मी पहिलं विचारतो: ती सही करायला येणार आहे ना? येणार असेल तर तिला पक्ष करून घेतो. येणं शक्य नसेल तर देणाऱ्याकडून तिच्या नावे त्याच दिवशी वेगळा कागद लिहून घेतो, चिन्नय्यातल्या मुलीने दिला तसा. आणि रक्कम मोठी असेल तर नेमक्या मालमत्तेवर बोजा ठेवून तो नोंदवून घेतो, हुसैनी बेगमच्या सासऱ्याने ठेवला तसा.